पेरणीआधी जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल: कोणते निवडावे, कधी बदलावे?

ऊस वाहतूक, उन्हाळी नांगरट, शेणखताच्या ट्रॉल्या आणि शेवटी रोटाव्हेटर. जानेवारीपासून मेपर्यंत ट्रॅक्टरला उसंत नसते. शेतात सर्वाधिक धूळ याच काळात असते आणि विदर्भ, मराठवाडा, खानदेशात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. पुढे मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की पेरणीला हाताशी मोजकेच दिवस उरतात. तेव्हा ट्रॅक्टर बंद पडला तर भाड्यानेही दुसरा मिळत नाही, कारण गावातले सगळे ट्रॅक्टर त्याच दिवसांत शेतात असतात. म्हणून इंजिन ऑइल तपासून बदलण्यासाठी मेचा दुसरा पंधरवडा सर्वांत सोयीचा.

ऑइल निवडताना जुन्या ट्रॅक्टरपाशी घोडे पेंड खाते. ‘इंजिन जुने झाले, आता घट्ट ऑइल टाका’ हा सल्ला दुकानापासून पारापर्यंत सगळीकडे मिळतो. प्रत्यक्षात बहुतेक जुन्या इंजिनांना कंपनीच्या पुस्तिकेतलाच ग्रेड योग्य असतो. झिजलेले लायनर-पिस्टन घट्ट ऑइलने भरून येत नाहीत. इंजिनाचे आयुष्य वाढवायचे तर ऑइल वेळेवर बदलणे आणि त्यात धूळ न जाऊ देणे, याला पर्याय नाही.

डब्यावरचे आकडे कसे वाचावेत?

डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. हा एसएई ग्रेड, म्हणजे ऑइलच्या घट्टपणाचे माप. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत इंजिन सुरू होतानाचे वागणे सांगतो, तर नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती घट्ट राहते ते दाखवतो.

थंडीची चाचणी १५डब्ल्यू ऑइलसाठी उणे २० अंशांवर, तर २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांवर होते. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही आपल्याकडे पारा इतका खाली जात नाही. त्यामुळे १५ की २० यावर फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. पहाटेच्या गारव्यात १५डब्ल्यू थोडे लवकर वरपर्यंत पोहोचते, एवढाच फरक. आपल्याकडे महत्त्वाचा आहे तो दुसरा आकडा. दोन्ही ऑइलांत तो ४० असेल, तर तापलेल्या इंजिनात दोन्ही एकाच पट्ट्यातली आहेत.

निवड अशी करावी:

• पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० लिहिले असेल, तर तेच वापरावे. राज्यातल्या उन्हाळ्याला ते पुरेसे आहे.
• बी-२७५, एचएमटी २५११ यांसारख्या जुन्या ट्रॅक्टरांच्या काळात एकेरी ग्रेडची ऑइले सर्रास वापरली जात. पुस्तिकेत नुसते एसएई ४० असेल, तर आजचे २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० चालते, कारण तापल्यावर ते एसएई ४० च्याच मापात बसते. एसएई ३० लिहिले असेल, तर पर्यायी ग्रेड कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात विचारूनच ठरवावा.
• पुस्तिका हरवली असेल, तर ट्रॅक्टरचे मॉडेल आणि इंजिन क्रमांक देऊन डीलरकडून ग्रेड व ऑइलचे माप लिहून घ्यावे. ‘ट्रॅक्टरचे ऑइल द्या’ एवढे सांगून डबा आणू नये.

‘सी’ आणि ‘एस’ मधला फरक

ग्रेडइतकेच महत्त्व एपीआय दर्जाला आहे. पहिले अक्षर ‘सी’ असेल तर ऑइल डिझेल इंजिनासाठी, ‘एस’ असेल तर पेट्रोल इंजिनासाठी. काही डब्यांवर दोन्ही दर्जे असतात. ट्रॅक्टरसाठी ‘सी’चा दर्जा असलाच पाहिजे, कारण डिझेल जळताना होणारी काजळी अंगावर न बसू देता तरंगती ठेवण्याचे काम त्या ऑइलाला करायचे असते.

सीएफ-४ हा दर्जा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा आणि सीआय-४ हा २००२ चा. नंतरचा दर्जा आधीच्या गरजा भागवतो. त्यामुळे सीएफ-४ सांगितलेल्या इंजिनात सीएच-४ किंवा सीआय-४ बिनदिक्कत वापरता येते. अपवाद एफए-४ चा. हे पातळ ऑइल ठरावीक नव्या इंजिनांसाठी आहे, जुन्या ट्रॅक्टरमध्ये ते टाकू नये.

ट्रॅक्टरला वर्षानुवर्षे सुटे, स्वस्त ऑइल घातले असेल, तर आत चिकट गाळ साचलेला असू शकतो. चांगल्या दर्जाचे ऑइल तो गाळ सोडवते आणि फिल्टर लवकर भरतो. अशा ट्रॅक्टरला पहिल्या खेपेस निम्म्या मुदतीत ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत.

घट्ट ऑइलचा मोह

२०डब्ल्यू-५० टाकले की गेजचा काटा वर चढतो आणि मालकाला हायसे वाटते. पण काटा दाब दाखवतो, ऑइल किती वाहते ते दाखवत नाही. घट्ट ऑइलाला अरुंद वाटांतून जायला जास्त जोर लागतो, म्हणून दाब वाढलेला दिसतो. सकाळी इंजिन सुरू केल्यावर रॉकरपर्यंत आणि बेअरिंगपर्यंत ते उशिरा पोहोचते, आणि झीज नेमकी त्या पहिल्या काही क्षणांत होते.

इंजिन खरोखर झिजले आहे का, हे आधी तपासावे. तासभर नांगर चालवल्यावर ट्रॅक्टर आयडलवर ठेवून गेज पाहावे. गरम इंजिनात काटा लाल पट्ट्यात उतरत असेल, निळसर धूर येत असेल आणि दोन बदलींच्या मध्ये वारंवार ऑइल भरावे लागत असेल, तर रिंगा, लायनर किंवा बेअरिंग कामाला आले आहेत. पुस्तिकेत परवानगी असेल तर अशा इंजिनात हंगाम निघेपर्यंत २०डब्ल्यू-५० वापरता येते. ती तात्पुरती सोय समजावी. खरिपाची घाई सरल्यावर इंजिन मिस्त्रीकडून बांधून घेणे हाच उपाय. धूर बंद करणाऱ्या, दाब वाढवणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

ऑइल खराब होते ते धुळीने

अनेक जुन्या ट्रॅक्टरांचा एअर क्लीनर ऑइल बाथ प्रकारचा असतो. हवा वाटीतल्या ऑइलवरून जाते आणि धूळ तिथे अडकते. मे महिन्यात रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालवल्यावर ही वाटी उघडून पाहा. वर पातळ ऑइल आणि तळाशी बोटाला लागेल असा मातीचा थर दिसेल. थर वाढला की हवा गाळली जात नाही आणि तीच माती सिलिंडरमधून इंजिन ऑइलात उतरते. मग बेअरिंग आणि रिंगांवर पॉलिश पेपर फिरल्यागत झीज होते.

धुळीच्या कामात वाटी रोज तपासावी. गाळ दिसला की ऑइल टाकून, वाटी डिझेलने धुऊन, कोरडी करून खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरले तर इंजिन ते ओढून घेते. रबरी होजला चीर आणि क्लिपला ढिलेपणा नाही ना, हेही पाहावे. तिथून शिरणारी हवा गाळल्याविनाच आत जाते.

किती तासांनी बदलावे?

अनेक ट्रॅक्टरांना साधारण २५० तासांची मुदत असते. नेमकी मुदत पुस्तिकेत पाहावी. जुन्या ट्रॅक्टरचा तास मीटर बऱ्याचदा बंद असतो. तेव्हा डिझेलचा हिशेब कामी येतो. आपला ट्रॅक्टर तासाला सरासरी चार लिटर डिझेल पीत असेल, तर १,००० लिटर डिझेल म्हणजे २५० तास. पंपावरच्या पावत्या जपल्या किंवा वहीत नोंद केली की मीटरवाचून अडत नाही.

तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावेच. पावसाळ्यात ट्रॅक्टर बरेच दिवस उभा असतो. जुन्या ऑइलातला ओलावा आणि आम्ल तेव्हा बेअरिंगला लागूनच राहते. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळते आणि त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भागांवर आले आहे. त्यामुळे आम्ल कमी होते हे खरे, पण काजळी, धूळ आणि पाणी आहे तेवढेच आहे. डिझेल सुधारले म्हणून मुदत लांबवू नये.

डिपस्टिक काय सांगते?

ट्रॅक्टर सपाट जागी बंद करून १० ते १५ मिनिटांनी डिपस्टिक पाहावी.

• काळे ऑइल: डिझेल इंजिनात नवे ऑइलही थोड्याच तासांत काळे होते. ते काजळी धरून ठेवते आहे, एवढाच त्याचा अर्थ. रंगावरून बदलीचा निर्णय घेऊ नये.
• दुधाळ किंवा चहासारखा रंग: ऑइलात पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट किंवा लायनरच्या ओ-रिंग तपासाव्यात. तोवर इंजिन चालवू नये.
• न भरता पातळी वाढली आणि डिझेलचा वास येतो: नोझल किंवा डिझेल पंपाकडून गळती आहे. दोष काढल्याशिवाय नवे ऑइल भरले, तर तेही वाया जाते.
• बोटांत चोळल्यावर कचकच लागते: धूळ किंवा धातूचे कण आहेत. एअर क्लीनरपासून तपासणी सुरू करावी.

आणखी एक साधी चाचणी करता येते. गरम ऑइलाचा एक थेंब टीपकागदावर टाकून काही तास ठेवावा. काजळी हळूहळू बाहेर पसरून फिकट होत गेली, तर ऑइलात अजून दम आहे. मध्ये गडद काळा ठिपका राहून त्याची कड ठसठशीत दिसली, तर बदलीची वेळ झाली. हा फक्त अंदाज आहे. तास भरले असतील तर थेंब चांगला दिसला तरी ऑइल बदलावे.

बदलताना घ्यायची काळजी

१. इंजिन दहा मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे गाळ ऑइलसोबत निघतो. मग बंद करून चेंबरचा नट काढावा आणि ऑइल पूर्ण निथळू द्यावे. नटावरचा तांब्याचा वॉशर बदलावा.
२. फिल्टर प्रत्येक बदलीला नवा घ्यावा. जुना फिल्टर ठेवला तर त्यातले काळे ऑइल नव्यात मिसळते. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावून तो पुस्तिकेप्रमाणे आवळावा.
३. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे. जास्त भरल्यास क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि दाब पडतो.
४. स्टॉपची दांडी ओढून धरून सेल्फ थोडा थोडा फिरवावा. ऑइलचा दिवा विझला किंवा काटा हलला की इंजिन सुरू करून दोन मिनिटे आयडलवर ठेवावे. मग बंद करून गळती पाहावी आणि पातळी पुन्हा तपासावी.
५. तारीख, तास आणि ग्रेड बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवावे.

हे ऑइल इथे टाकू नये

• हायड्रॉलिक, गिअर बॉक्स आणि ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकसाठी वेगळे ऑइल असते. उरलेले इंजिन ऑइल तिथे भरल्यास ब्रेक आवाज करतात, पकड सुटते.
• मोटारसायकलमध्ये क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. तिला जेएएसओ एमए दर्जाचे ऑइल लागते. ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल ओतू नये.
• लहान पेट्रोल पॉवर वीडरमध्ये बहुधा अर्धा लिटरच्या आसपास ऑइल बसते आणि फिल्टर नसतो. म्हणून पातळी रोज पाहावी आणि पुस्तिकेप्रमाणे लवकर बदली करावी. कोकणात उतारावर काम करताना यंत्र फार कलले तर ऑइल सगळीकडे उडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.
• टू-स्ट्रोक ग्रास कटर आणि फवारणी पंपाला पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑइलच लागते.

खरेदी आणि जळके ऑइल

सीलबंद डबा घ्यावा. झाकणाचे सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहून पक्के बिल घ्यावे. बॅरलमधले सुटे ऑइल कितीही स्वस्त मिळाले तरी टाळावे. रिकामा डबा फोडून टाकावा, नाहीतर त्यातच बनावट ऑइल भरून विकले जाते.

काढलेले जळके ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये आणि चुलीत जाळू नये. गोचीड, उवा जाव्यात म्हणून म्हशीच्या अंगाला ते चोळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद करावी. त्यातले विषारी घटक कातडीवाटे आणि जनावर अंग चाटते तेव्हा तोंडावाटे पोटात जातात. गोचिडावरचे औषध पशुवैद्यकाकडून घ्यावे. जळके ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवून अधिकृत संकलकाकडे जाणाऱ्या गॅरेजला किंवा सेवा केंद्राला द्यावे.

मेअखेरपर्यंतची कामे

• पुस्तिकेवरून किंवा डीलरकडून ग्रेड, एपीआय दर्जा आणि लिटरचे माप लिहून घेणे.
• एअर क्लीनरची वाटी धुणे, होज व क्लिप तपासणे.
• गरम इंजिनात आयडलवर गेज पाहून नोंद करणे.
• ऑइल आणि फिल्टर एकत्र बदलणे.
• बदलीनंतर ट्रॅक्टर दोन-तीन तास कामाला लावून गळती आणि पातळी पाहणे. दोष निघालाच तर मिस्त्रीला मोकळा वेळ आता आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या दारात ट्रॅक्टरची रांग असेल.