फिरत्या पशुवैद्यकीय वाहनाच्या छतावर सौर पॅनेल

लाळ-खुरकत रोगाची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती तापली तर तिची परिणामकारकता घटते आणि गोठली तर ती टाकूनच द्यावी लागते. लसीकरणाचे वाहन मात्र एखाद्या दूरच्या वस्तीवर दिवसभर इंजिन बंद करून उभे असते. या काळात वाहनाच्या मूळ बॅटरीवर शीतपेटी चालविल्यास सायंकाळी इंजिन सुरू होत नाही आणि इंजिन सुरू ठेवल्यास डिझेल जळत राहते. छतावरील सौर पॅनेल व त्यास जोडलेली स्वतंत्र बॅटरी हा यावरील व्यवहार्य उपाय आहे.

‘छतावर किती पॅनेल मावतील?’ हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो; वस्तुतः तो शेवटचा आहे. आरंभ विजेच्या गरजेपासून करावा. बॅटरीवर थेट चालणारी ४५ वॅटची शीतपेटी उन्हाळ्यात निम्मा वेळ सुरू राहते असे मानले, तर तिला दिवसाला ५४० वॅट-तास वीज लागते. २० वॅटचे दिवे तीन तास चालल्यास ६० आणि सूक्ष्मदर्शक व लॅपटॉप मिळून ६० वॅट तीन तास चालल्यास १८० वॅट-तास लागतात. एकूण गरज ७८० वॅट-तासांची झाली.

आता उन्हाचा विचार करू. निरभ्र हंगामात पूर्ण तीव्रतेचे साडेचार तास ऊन मिळते असे धरावे. उष्णता, धूळ, तारा व बॅटरी यांतील घट वजा जाता सुमारे ७० टक्के वीज हाती येते. म्हणजे २५० वॅटचे पॅनेल पुरेसे ठरते. परंतु ढगाळ पावसाळ्यात हेच ऊन अडीच तासांवर आले, तर ४४५ वॅट लागतील. उत्तर भारतात डिसेंबरमध्ये सूर्य खाली उतरलेला असल्याने छतावर सपाट बसविलेल्या पॅनेलची स्थिती याहून फारशी वेगळी नसते. त्यामुळे प्रत्येकी २०० वॅटची दोन पॅनेल घ्यावीत आणि उरलेली तूट भरून काढण्यासाठी वाहनाच्या अल्टरनेटरवरून चार्ज करणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर जोडावा. वाहन अर्धा तास चालले तरी तेवढी तूट भरून निघते.

एक दिवस ऊन मिळालेच नाही तरी शीतपेटी चालली पाहिजे. त्यासाठी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. म्हणून ती १५० अँपिअर-तासांची घ्यावी आणि तिच्यातून निघणारा हायड्रोजन वाहनाबाहेर जाईल अशी सोय करावी. लडाख, स्पिती अशा भागांत लक्षात ठेवावे, की शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करता येत नाही.

खरे कौशल्य लागते ते बसवणीत. घराच्या छतावरील पॅनेल स्थिर असते. येथे खड्डे, कंपने आणि समोरचा वारा यांना तोंड द्यावे लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३० किलो भाराइतका होतो, आणि २०० वॅटच्या पॅनेलचे क्षेत्रफळ साधारण तेवढेच असते. नुसत्या पत्र्यात मारलेला स्क्रू हा ताण फार काळ सोसत नाही. ॲल्युमिनियमची चौकट छताच्या पत्र्याखालील आडव्या आधारपट्ट्यांना अथवा मजबूत कॅरिअरला बोल्टने आवळावी आणि कंपनाने न सुटणारे नायलॉन कडीचे नट वापरावेत. प्रत्येक छिद्र पॉलियुरेथेन सीलंटने बंद करावे. पॅनेल व छत यांत ४-५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी; पॅनेल २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापले तर त्याची क्षमता सुमारे १४ टक्क्यांनी घटते. छताला चिकटविलेली लवचीक पॅनेल दिसावयास नेटकी असतात, पण त्यांखाली हवा खेळत नाही. आमच्या मते उष्ण प्रदेशात ती टाळावीत.

झाडाखाली उभे राहणे या वाहनाला चुकत नाही. त्यामुळे दोन्ही पॅनेल समांतर जोडणे बरे. एकावर सावली पडली तरी दुसरे काम करीत राहते. या जोडणीत प्रवाह २२ अँपिअरपर्यंत जातो, म्हणून तांब्याची ६ चौरस मिलिमीटर जाडीची तार वापरावी. पाच मीटर अंतरात तिच्यात सुमारे ०.७ व्होल्टची घट होते. एमपीपीटी नियंत्रकाला आधी बॅटरी जोडावी, नंतर पॅनेल. सोडविताना क्रम उलटा ठेवावा. बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज असलाच पाहिजे.

नोंदणीकृत वाहनातील बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू आहे. कामापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

बसवणी झाल्यावर लगेच लस ठेवू नये. शीतपेटीत पाण्याच्या बाटल्या व कमाल-किमान तापमापी ठेवून वाहन तीन दिवस नेहमीच्या रस्त्यांवर फिरवावे. तापमान सकाळी व सायंकाळी टिपावे. पारा २ अंशांखाली गेल्यास नियंत्रक खटका वर सरकवावा. तिसऱ्या दिवशी प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा. पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये काही सैल झालेले आढळतातच.