आधी स्क्रीन बघा

बारावीनंतर उपयोजित कला किंवा डिझाइनचा प्रवेश नक्की होत आला की घरात लॅपटॉपचा विषय निघतो. इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांना विचारायला ओळखीतले दहाजण असतात. या क्षेत्रात तशी माणसं सहसा हाताशी नसतात. मग दुकानात जाऊन ‘ग्राफिक डिझाइनसाठी हवाय’ एवढंच सांगितलं जातं आणि समोर गेमिंग लॅपटॉप येतो. ग्राफिक डिझाइन आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या नावात एक शब्द सारखा आहे, नातं मात्र बरंच लांबचं आहे. साठ-सत्तर हजार ही सामान्य घरासाठी लहान रक्कम नाही आणि तिचा मोठा वाटा या शब्दसाम्यापायी चुकीच्या भागावर खर्च होतो, हे पाहून वाईट वाटतं. माझं म्हणणं असं, की डिझाइन शिकणाऱ्याच्या लॅपटॉपची पारख स्क्रीनपासून सुरू व्हावी, तिच्यानंतर रॅम बघावी, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचा नंबर या दोघांनंतर लागावा. जाहिरातीत हा क्रम नेमका उलटा असतो.

हिशेब लिहिणाऱ्याला किंवा प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला स्क्रीनवरची अक्षरं स्वच्छ वाचता आली की पुरतं. डिझाइनच्या विद्यार्थ्याला स्क्रीनवर जे दिसतं त्यावर निर्णय घ्यायचा असतो. हा केशरी पुरेसा उबदार आहे का, चेहऱ्याच्या सावलीतला तपकिरी मळकट होतोय का, दोन राखाडींमध्ये फरक उरलाय का, हे तो दिवसभर ठरवत असतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात, बहुधा बारीक अक्षरांत, ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख सापडतो. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं जुनं माप. आज वेबसाइटपासून फोनपर्यंत रंगांची सामायिक भाषा आहे एसआरजीबी, जी एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये तयार केली. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीतले जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग. उरलेले रंग त्या स्क्रीनवर उमटतच नाहीत. त्यांच्या जागी जवळचा फिका रंग दिसतो. पिकलेल्या टोमॅटोचा लाल विटकरीकडे झुकतो. झेंडूच्या पाकळ्यांमधल्या केशरी-पिवळ्या छटा एकमेकींत मिसळतात आणि फुलाचा सपाट गोळा होतो. विद्यार्थ्याला चित्र मरगळलेलं वाटतं म्हणून तो सॅच्युरेशन वाढवतो, पुन्हा वाढवतो. तेच पोस्टर दुसऱ्याच्या चांगल्या फोनवर उघडलं की अंगावर येतं. गुण कापले जातात ते मुलाच्या रंगजाणिवेसाठी, आणि चूक असते त्याच्यासमोरच्या काचेची. चार वर्षं अशी गेली तर डोळ्याला चुकीचीच सवय लागते, आणि ती मोडायला नवा लॅपटॉप घेऊनही वेळ लागतो.

छपाईच्या व्यवसायातली जाणती माणसं यावर एक आक्षेप घेतील, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, रंग स्क्रीन बघून ठरवायचाच नसतो, तो आकड्यांनी ठरवायचा असतो: मॅजेंटा ६० टक्के आणि यलो १०० टक्के दिला की केशरी येणारच, स्क्रीन काहीही दाखवो. सपाट रंगांपुरतं हे खरं आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने छापील रंगतक्ता जवळ ठेवलाच पाहिजे. पण आकड्यांवर विसंबणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यात हजारो छापलेले कागद साठलेले असतात. अठरा वर्षांच्या मुलाकडे तो साठा नसतो, तो त्याला आता जमवायचा आहे. शिवाय लग्नातल्या छायाचित्राची त्वचा किंवा पैठणीच्या जाहिरातीतला मोरपंखी आकड्यांनी सुधारता येत नाही, तिथे डोळाच लागतो. आणखी एक बाब म्हणजे छपाईच्या चार शाईंमधून काही झळझळीत रंग निघत नाहीत. भडक केशरी, पोपटी हिरवा, गर्द निळा कागदावर दबूनच येतात. चांगल्या स्क्रीनवर सॉफ्ट प्रूफ लावून छपाईत काय हरवणार हे आधी बघता येतं. फिक्या स्क्रीनवर ते रंग मुळातच दिसलेले नसतात, मग हरवलं काय ते कळणार कसं?

रॅमचा हिशेब तर कागदावर करून बघता येतो. ए-३ आकाराचं पोस्टर छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल या मापाने केलं तर ३,५०८ गुणिले ४,९६१, म्हणजे सुमारे १ कोटी ७४ लाख पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेअर सुमारे ५२ मेगाबाइटचा होतो. असे वीस लेअर म्हणजे एक गिगाबाइटच्या वर, आणि एका पोस्टरला वीस लेअर ही काही चैन नव्हे. त्यावर अन्डूसाठी साठवलेल्या पायऱ्या, खुद्द विंडोज, संदर्भचित्रांचे उघडे टॅब, सोबत चालू असलेलं इलस्ट्रेटर. अडोबीने फोटोशॉपसाठी ८ जीबी रॅम किमान आणि १६ जीबी शिफारस केलेली सांगितली आहे. किमान म्हणजे सुरू होईल, कामाला बसता येईल असं नव्हे. रॅम अपुरी पडली की सॉफ्टवेअर एसएसडीवर लिहायला लागतं आणि ब्रश हाताच्या मागून रखडत येतो. म्हणून १६ जीबी ही अट धरावी. पैसे कमी असतील तर ८ जीबी चालेल, पण रॅमची मोकळी खाच असलेलं मॉडेलच घ्यावं. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डला कायमची जोडलेली असते. तिथे नंतर वाढवू म्हणायला वाव नाही. एसएसडी ५१२ जीबीची असावी. प्रोसेसर इंटेलच्या किंवा रायझनच्या पाच क्रमांकाच्या फळीतला, अलीकडच्या दोन-तीन वर्षांतला असला की पुरे.

मग ग्राफिक्स कार्ड अजिबातच नको का? थ्रीडी, ॲनिमेशन किंवा व्हिडिओ हाच मुख्य विषय असेल तर हवं. ब्लेंडरमध्ये रेंडर लावताना ते तासांची मिनिटं करतं. पण पोस्टर, बोधचिन्ह, पुस्तकाची मांडणी, पॅकेजिंग, ॲपचे आराखडे या कामांना आजच्या प्रोसेसरसोबत येणारं ग्राफिक्स पुरतं. फिग्मा तर ब्राउझरमध्येच चालतं. गेमिंग लॅपटॉपच्या कमी किमतीच्या आवृत्तीत कार्डावर पैसे खर्च झालेले असतात आणि काटकसर होते ती बहुतेक वेळा स्क्रीनमध्येच. १४४ हर्ट्झ हा आकडा ठळक छापतात. तो स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते हे सांगतो, रंगांबद्दल काहीच सांगत नाही. त्यात सव्वादोन-अडीच किलो वजन आणि विटेएवढा चार्जर घेऊन लोकलने किंवा एसटीने रोज जायचं असतं, हेही धरावं. ‘एकदाच मोठं घेऊ, पुढे लागलं तर असू दे’ या पालकांच्या विचारामागची काळजी मला समजते. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलगा मोशन ग्राफिक्सकडे वळेल की टायपोग्राफीकडे, हे आज त्यालाही ठाऊक नसतं. न ठरलेल्या वाटेसाठी आज पैसे अडकवण्यापेक्षा ती वाट ठरेपर्यंत ते शिल्लक असलेले बरे.

मॅकबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ पासून मॅकबुक एअरच्या साध्या आवृत्तीतही १६ जीबी मेमरी येते आणि तिची स्क्रीन उत्तम आहे, तेव्हा परवडत असेल तर हरकत नाही. मात्र कर्ज वाढवून मॅक घेण्याची गरज नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यातल्या छापखान्यांत कोरलड्रॉ आणि श्रीलिपी विंडोजवर चालतात आणि इंटर्नशिपची पहिली संधी अनेकांना तिथेच मिळते. सॉफ्टवेअरचे पैसेही अंदाजपत्रकात धरायला हवेत. नाहीतर चोरीची प्रत आणि तिच्यासोबत व्हायरस येतो. इंकस्केप, क्रिटा, स्क्रायबस, गिंप मोफत आणि कायदेशीर आहेत, आणि त्यांवर शिकलेली लेअर, मास्क, बेझिए वक्र ही समज पुढे सगळीकडे उपयोगी पडते. मराठीत काम करायचं असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर स्वीकारण्याआधी त्यात ‘विज्ञान’ आणि ‘कीर्ती’ टाइप करून बघावं. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली, ज्ञ सुटला किंवा रफार तुटला, तर आधी सेटिंग तपासावं. फोटोशॉपमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी मांडणी निवडावी लागते; हे माहीत नसल्यामुळे कित्येकजण उगाच फाँटला दोष देतात.

खरेदीची घाई मे-जूनमध्ये होते आणि तीही टाळण्यासारखी आहे. उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची जी सीईटी होते, तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र कागदावरच काढायचं असतं. चार वर्षांच्या बीएफएचं पहिलं वर्षही पायाभूत असतं. हात बसवणं, अक्षरलेखन, रंगचक्र, सगळं कागद-रंगांचं. वर्षभराची वॉरंटी या काळात लॅपटॉप बॅगेत असतानाच संपून जाते. काही खासगी डिझाइन संस्था मात्र पहिल्या सत्रापासून लॅपटॉप मागतात, म्हणून कॉलेजला नेमकं विचारावं: कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या सत्रात, आणि संगणककक्ष किती वाजेपर्यंत उघडा. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर अभ्यासक्रमाला आवश्यक संगणकाचा खर्च त्यात धरता येतो का, हे बँकेत आधीच विचारून घ्यावं. भारतीय बँक संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत त्याची तरतूद आहे. घरी राहून शिकणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे. साध्या स्क्रीनचा पण १६ जीबी रॅमचा लॅपटॉप घ्यायचा आणि दहा-बारा हजारांत एसआरजीबीचे ९९ टक्के रंग दाखवणारा २४ इंची आयपीएस मॉनिटर जोडायचा. हॉस्टेलच्या खोलीत टेबलाची वानवा असते, तिथे हे जमणार नाही; तिथे लॅपटॉपचीच स्क्रीन चांगली हवी.

दुकानात जाताना झेंडू, टोमॅटो, हळद-कुंकवाचं ताट आणि एखादा सावळा चेहरा असे चार स्पष्ट फोटो पेन ड्राइव्हवर न्यावेत. तेच फोटो दोन-तीन लॅपटॉपवर शेजारी-शेजारी उघडायचे, ब्राइटनेस सारखा ठेवायचा, आणि समोरून तसंच बाजूनेही बघायचं. झेंडूच्या पाकळ्या मोजता येतात का, कुंकू लालच दिसतं की नारिंगी, बाजूने पाहिल्यावर चेहरा काळवंडतो का, हे कुणाच्या सल्ल्याशिवाय कळतं आणि आई-वडिलांनाही कळतं. माहितीपत्रकात ‘१०० टक्के एसआरजीबी’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. रंगांचा उल्लेखच नसेल तर स्क्रीन फिकी आहे असं धरून चालावं. ओएलईडी स्क्रीन असेल तर तिच्यात एसआरजीबीचा मोड आहे का ते बघावं, नाहीतर सगळंच जरुरीपेक्षा भडक दिसतं. आणि एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीनसह विकला जातो, त्यामुळे जो तपासला त्याचाच पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, बिलावर लिहून घ्यावा आणि खोका उघडल्यावर खोक्यावरच्या लेबलाशी ताडून पाहावा.