बॅरन बेटाची प्रदक्षिणा

गोंदिया जिल्ह्यात तळी भरपूर. समुद्र मात्र फार दूर. तरीही आज कल्पनेच्या बोटीत बसून आपण एका बेटाला प्रदक्षिणा घालू या. अंदमानातील श्रीविजयपुरमहून (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) ईशान्येस सुमारे १४० किलोमीटर गेले की बॅरन बेट लागते. तेथे मनुष्यवस्ती नाही. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी तो हाच.

बेटाचा व्यास सुमारे ३ किलोमीटर. म्हणजे परीघ साधारण साडेनऊ किलोमीटर. पण बोट किनाऱ्यापासून दीड किलोमीटर दूर ठेवली, तर फेरी सुमारे १९ किलोमीटरांची होईल. इतके दूर का राहायचे? २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पथक अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली येथे समुद्रतळाचे नमुने गोळा करीत होते. अचानक ज्वालामुखी राख ओकू लागला! पथकाने सुमारे एक मैल अंतरावरून निरीक्षण केले. दिवसा फक्त राखेचे ढग दिसले. सूर्यास्तानंतर मात्र लाव्ह्याची लाल कारंजी दिसू लागली. कारंजी दिवसाही असतील. उन्हात ती दिसली नाहीत, इतकेच.

पूर्वेकडून पाहिले तर हे बेट म्हणजे झाडीने झाकलेला साधा डोंगर वाटेल. पश्चिमेला या, म्हणजे खरा प्रकार कळेल. तिकडे डोंगराची कड तुटलेली आहे. आत सुमारे २ किलोमीटर रुंदीचे खोलगट कुंड, त्यात राखेचा शंकू आणि त्या खिंडीतून समुद्रापर्यंत आलेला काळा लाव्हा! एका बाजूने पाहून मत बनवले असते, तर आपण फसलो असतो. शिवाय पाण्यावर दिसते ते केवळ टोक. पर्वताचा पायथा समुद्रात २ किलोमीटरहून अधिक खोल आहे.

हा शिलारस येतो कोठून? भारतीय भूपट्ट येथे पूर्वेकडील भूपट्टाखाली सरकतो. खोलवर गेल्यावर त्यातील पाणी बाहेर पडून वरच्या तप्त खडकात शिरते. बर्फावर मीठ टाकले की तो कमी तापमानालाही वितळतो ना? तसेच पाण्यामुळे तो खडक कमी तापमानाला वितळतो.

आता बोटीतून उतरून गोंदिया–डोंगरगड रेल्वेमार्गावरील दरेकसा येथे या. या भागातील रायोलाइट हा खडकही ज्वालामुखीतूनच आला; पण सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी! बॅरनच्या बेसाल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास असते, रायोलाइटमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक. सिलिका जितकी जास्त, तितका शिलारस चिकट.

आता एक प्रयोग करा. तिरप्या ताटलीवर एक थेंब पाणी व एक थेंब काकवी सोडा. कोणता थेंब दूरवर पोहोचतो? त्यावरून सांगा : बॅरनचा लाव्हा समुद्रापर्यंत सहज का वाहत गेला, आणि रायोलाइटचा तसा का वाहिला नसता?