विमानाच्या दारातील तेरा सेकंद

आसनगावच्या फलाटावर लोकलमधून उतरण्याची विद्या मला कोणी शिकविली नाही; कल्याणला महाविद्यालयात जाणाऱ्या आमच्याकडील मुलांना ती आपसूकच अवगत होते. परतीच्या गाडीने वासिंद सोडले की दाराशी सरकावयाचे, दांडा धरावयाचा, पाठीमागून 'चला, उतरा, उतरा' असा गलका उठला की गाडी पुरती थांबण्याच्या आतच फलाटावर पाय टाकावयाचा आणि गाडीच्याच दिशेने चार पावले धावून तोल सावरावयाचा, हा शिरस्ता पाच-सहा वर्षांत माझ्या अंगात असा भिनला की दार, गर्दी आणि घाई या तीन गोष्टी माझ्या मनात एकच होऊन बसल्या. ही सवय प्राणघातक आहे आणि कोणीही तिचे अनुकरण करू नये, हे प्रारंभीच नमूद करतो. मला मात्र तिने फलाटावर कधी दगा दिला नाही. तिने दगा दिला तो जमिनीपासून साडेतेरा हजार फुटांवर, म्हणजे आमच्या माहुलीसारखे जवळजवळ पाच गड एकावर एक रचावेत एवढ्या उंचीवर, आणि तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

ती सांगण्यास निमित्तही तसेच घडले आहे. माहुलीच्या सुळक्यांवर दोर लावून चढणारी शहापूर-मुरबाडकडील धीट मुलेमुली अलीकडे हवाई छत्रीच्या उड्यांची चौकशी करीत माझ्याकडे येतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर मारलेली उडी त्यांच्या कल्पनेत ठसलेली असते, आणि ती ठसावी अशीच आहे. परंतु या मुलांच्या प्रश्नांचा रोख बहुधा भीतीवर असतो: उडी टाकताना काय वाटते, छत्री उघडली नाही तर काय करावयाचे. विमानात वीस-बावीस जण बसलेले असताना त्यांनी कोणत्या क्रमाने, किती अंतराने आणि कोणाच्या इशारतीवर बाहेर पडावयाचे, हे मला आजवर एकानेही विचारलेले नाही. एकट्याने उडी टाकणे आणि समूहाने विमान सोडणे या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि माझी कसूर दुसऱ्या विद्येत झाली.

आमच्या आळीत पॅराशूट रेजिमेंटच्या मराठा पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदारकाका होते. 1952 साली ती रेजिमेंट उभी राहिली तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जुन्या तिसऱ्या पलटणीला तिच्यात दुसऱ्या पलटणीचे स्थान मिळाले, आणि 11 डिसेंबर 1971 च्या सायंकाळी बांगलादेशातील टांगाईलजवळ उतरून पुंगलीचा पूल ताब्यात घेणारी पलटण तीच, हे काका अभिमानाने सांगत. त्यांच्या तोंडून आग्र्याच्या तालमीचे वर्णन मी लहानपणी अनेकदा ऐकले होते. बाराशे फुटांच्या आसपास विमान येते, तांबडा दिवा लागतो, दोन रांगा उभ्या राहतात, प्रत्येकाच्या छत्रीची दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते आणि हिरवा दिवा लागताच एकामागून एक माणसे बाहेर पडतात. "पुढच्याची पाठ दारातून दिसेनाशी झाली की आपला पाय बाहेर. मध्ये विचार नाही," असे ते म्हणत. सैनिकाच्या बाबतीत हे शब्दशः योग्य आहे. कारण त्याची छत्री विमान सोडताच तारेच्या ओढीने उघडते, सर्वांची छत्री एकाच जातीची असते, सर्वांना वारा सारखाच वाहून नेतो आणि थोडी दिरंगाई झाली तरी शेवटचा जवान शत्रूच्या मुलखात भलतीकडे जाऊन पडतो. परंतु क्रीडा म्हणून उंचावरून उडी टाकणारा मनुष्य मिनिटभर छत्री न उघडता पडत असतो. त्याचा नियम वेगळा, आणि मी तो शिकूनही काकांचे वाक्यच मनात धरून बसलो होतो.

नोकरीनिमित्त परदेशी असताना मी हा छंद धरला. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी माझ्या खाती सव्वाशे उड्या जमा होत्या, म्हणजे भीती जाऊन पुरते शहाणपण यावयाचे होते असा तो काळ. विमानात प्रथम सात जणांची एक तुकडी, मागून आमची चौघांची, आमच्यामागे डोके खाली करून पडणारे तिघे, त्यानंतर शिक्षकांसह विद्यार्थी आणि सर्वांत शेवटी पाहुण्यांना पोटाशी बांधून उडी टाकणारे अनुभवी लोक, असा क्रम जमिनीवरच मुक्रर झाला होता. वर वारा जबर होता. वाऱ्याच्या तोंडावर चालणाऱ्या विमानाचा जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी 83 किलोमीटर इतकाच भरत होता, म्हणून दोन तुकड्यांमध्ये 13 सेकंद जाऊ द्यावेत असे ठरले. आमच्या तुकडीत दाराबाहेर प्रथम लटकणारा मी; अर्थात सेकंद मोजण्याचे काम माझ्याकडे.

सात जण गेले. मी दाराबाहेर येऊन वरचा दांडा धरला, माझ्या शेजारी दुसरा आला, दोघे आत दाराशी वाकून उभे राहिले, आणि विमानाच्या आतून, शेवटच्या बाकांवरून, 'चला, चला' असा आरडाओरडा सुरू झाला. मागच्यांना उशीर झाला तर मैदान मागे पडते आणि शेतांतून छत्री खांद्यावर टाकून चालत यावे लागते, एवढेच त्या ओरड्याचे कारण होते. पण माझ्या कानांना तो आसनगावच्या फलाटावरचा गलका वाटला. मी सहापर्यंत मोजले, मान हलविली, आणि आम्ही निघालो.

पडताना सर्व यथासांग झाले. साडेचार हजार फुटांवर आम्ही चौघे चार दिशांना फिरलो आणि एकमेकांपासून दूर सरकू लागलो. माझ्या वाट्याला आलेली दिशा नेमकी सात जणांच्या बाजूची होती. मधले अंतर राखलेले असते तर त्याने काही बिघडले नसते. मी छत्री उघडली, वर पाहून ती नीट पसरल्याची खात्री केली, आणि मान खाली आणली तो समोर, माझ्याच पातळीवर, एक निळी छत्री माझ्याकडे तोंड करून येत होती. तिच्याखालच्या माणसाच्या हातमोज्यावरील पांढरी शिवण मला दिसली. समोरासमोर आलेल्या दोघांनीही आपापल्या उजव्या हाताला वळावयाचे, हा नियम दोघांच्याही अंगवळणी होता म्हणून मी उजवीकडचा मागचा पट्टा ओढला, त्यानेही ओढला, आणि आमच्या छत्र्यांच्या कडा एकमेकींना घासल्यावाचून निघून गेल्या. दोन छत्र्या एकमेकींत गुंतल्या असत्या तर हा मजकूर लिहिण्यास मी उरलो नसतो, हे खरे आहे. त्याहून मला सलते ते हे की तोही उरला नसता, आणि त्याने तर काहीच चूक केलेली नव्हती.

मैदानावर तो छत्री गोळा करून माझ्याजवळ आला. वयाने माझ्याहून मोठा, शांत मनुष्य. "किती मोजलेस?" एवढेच त्याने विचारले. "सहा," मी म्हणालो. "सहा," असे स्वतःशीच पुटपुटून तो छत्री घडी करावयास निघून गेला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या सायंकाळी आमच्या शिक्षकांनी मला सरावासाठी बांधलेल्या लाकडी दाराशी उभे केले, हातात घड्याळ घेतले आणि तेरापर्यंत मोठ्याने मोजावयास सांगितले. त्यांचे घड्याळ सात सेकंदांवर असतानाच माझे तेरा पुरे झाले होते. जमिनीवर, भीतीचे काहीही कारण नसताना! वर, वाऱ्यात आणि गलक्यात मी मोजलेले 'सहा' प्रत्यक्षात किती भरले असतील, याची कल्पना मला तेव्हा आली.

आता या सेकंदांचे मर्म समजावून घेणे जरूर आहे, कारण आकडा पाठ असून चालत नाही, तो कोठून आला हे कळले तरच संकटसमयी तो हातचा सुटत नाही. दोन तुकड्यांमध्ये सुमारे 300 मीटर अंतर असावे, म्हणजे बारा डब्यांच्या लोकलच्या लांबीहून थोडे अधिक, अशी साधारण तजवीज असते. तुकड्या मोठ्या असल्यास आणखी अधिक. त्या दिवशी विमान सेकंदाला 23 मीटर सरकत होते. 13 सेकंदांत 300 मीटर होतात. वारा नसलेल्या दिवशी तेच विमान ताशी 167 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 46 मीटर जाते, आणि तेवढेच अंतर साडेसहा सेकंदांत पडते. म्हणून वारा जितका जोरदार तितके अधिक थांबावे लागते. नवशिक्याच्या मनाला हे उलटे वाटते. वारा आहे, लवकर निघू या, असे त्याला वाटत असते. गेलेली माणसे तिरप्या रेषेत, अर्ध्या काटकोनात दिसू लागली की आपण निघावे, असा एक जुना ठोकताळा अजूनही कानांवर येतो. तो गणिताने खोटा ठरला आहे. घड्याळावाचून दुसरा आधार नाही.

क्रमाचेही तसेच आहे. पोट खाली करून, हातपाय पसरून पडणाऱ्याचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास असतो. डोके खाली करून पडणारा ताशी 250 किलोमीटरच्या पुढे जातो. पहिला मिनिटभर हवेत असतो, दुसरा त्याहून दहा-पंधरा सेकंद कमी. वरच्या वाऱ्याचा वेग सेकंदाला सरासरी 13 मीटर धरला तर पंधरा सेकंदांत जवळजवळ 200 मीटरांचा फरक पडतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर चाललेले असल्यामुळे वारा प्रत्येकाला मागे, म्हणजे आधी उडी टाकलेल्यांच्या जागेकडे, नेत असतो. जलद पडणारे आधी सोडले तर ते थोडेच वाहतात आणि मागून येणारे संथ लोक वाहत वाहत नेमके त्यांच्या डोक्यावर येतात. संथ आधी सोडले तर तोच वारा दोघांमधले अंतर वाढवितो. पोटावर पडणाऱ्या मोठ्या तुकड्या पहिल्या, ही प्रथा कोणाच्या ज्येष्ठतेच्या मानासाठी पडलेली नाही, तर या हिशेबातून आलेली आहे.

तुकडीतल्या तुकडीत एकत्र सुटण्याचे कौशल्य आणखी वेगळे. दारात शब्द ऐकू येत नाही, म्हणून इशारत अंगाने द्यावयाची असते: सर्वांना दिसणारा एक जण खांदे आत घेतो, बाहेर घेतो, आणि तिसऱ्या हेलकाव्याला सारे सुटतात. सुटल्यावर वारा खालून येत नाही, विमानाच्या नाकाकडून येतो, कारण चालत्या गाडीतून उतरणाऱ्याप्रमाणे विमानाचा वेग काही सेकंद आपल्या अंगात शिल्लक असतो. छाती त्या वाऱ्याला द्यावयाची, जमिनीला नव्हे. हे सर्व जमिनीवर, चिखलात उभे राहून, दहा वेळा करून पाहिल्यावाचून विमानात बसू नये. 8 फेब्रुवारी 2006 रोजी थायलंडमधील उदोन थानी येथे पाच हर्क्युलिस विमानांतून निघालेल्या 400 जणांनी आकाशात एकच आकृती जुळविली. तिच्यातील प्रत्येकाला आपली जागा आणि आपला क्षण जमिनीवरच ठाऊक होता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, पण त्यांची हयगय करू नका. पुढची तुकडी दारात असताना सर्वांनी शेपटीकडे गर्दी केली तर वजन मागे जाऊन विमानाचे नाक वर उठते आणि ते हवेत अडखळू शकते. बोलाविल्याखेरीज जागा सोडावयाची नाही. दाराकडे सरकताना छत्रीच्या मुठींवर हात असावा, कारण दारात चुकून उघडलेली छत्री विमानाच्या शेपटीला गुंडाळली जाऊ शकते. हिरवा दिवा ही परवानगी आहे, हुकूम नव्हे. दिवा लागला तरी खाली वाकून ढग, दुसरे विमान आणि आपले मैदान डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणी निघू नये. आणि मैदान मागे पडले तर शेवटच्यांनी वैमानिकास दुसरी फेरी मागावी. त्यात कमीपणा काहीच नाही. मागून ओरडणाऱ्यांपैकी एकाने त्या दिवशी ती मागितली असती तर माझ्यावर घाई आली नसती, हे खरे. पण मोजण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते, माझ्याकडे होते, म्हणून दोषही माझाच.

तेव्हापासून मी आकडे मोजीत नाही. आकडे भयाने आखूड होतात. मी स्थानके म्हणतो, गाडीत उद्घोषणा व्हावी तशी सावकाश, एकेक पूर्ण उच्चारून: आसनगाव, वासिंद, खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. घड्याळाशी ताडून पाहिले, तेरा स्थानकांना तेरा सेकंद लागतात. त्या दिवशी मी शहाडलाच विमान सोडले होते.

विमानात बसण्याची इच्छा असलेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, शुल्क भरण्यापूर्वी आज रात्री घरीच एक करा: कोणाच्या तरी हाती घड्याळ द्या, डोळे मिटा, घरच्यांना मागून 'चला, चला' असे ओरडावयास सांगा, आणि तेरापर्यंत मोजून पाहा.