सोबत कमी करत जाण्याची कृती

ही कृती पुण्यातली आहे. नळ स्टॉपजवळच्या घरातून निघून बसने मंडईपर्यंत एकट्याने जायचं आणि एकट्यानेच परत यायचं. जाणारे दादा चौतीस वर्षांचे, बौद्धिक दिव्यांगत्व असलेले. आकडे ओळखतात, अक्षरं लावून वाचता येत नाहीत, काट्यांचं घड्याळ कळत नाही. एकटे बसमध्ये कधी चढलेच नव्हते. आम्हाला नऊ आठवडे लागले. तुमच्याकडे पाच लागतील, कदाचित वीस. गाव बदलेल, बसचा नंबर बदलेल. क्रम बदलू नका.

साहित्य थोडंच: दोनशे पानी वही, पेन्सिल, जाड पुठ्ठ्याचे चार तुकडे, चेन असलेलं लहान पाकीट, दहा-दहाच्या नोटा, आणि फोटो दाबला की फोन लागेल असा मोबाईल. दिव्यांगत्वाचं वैश्विक ओळखपत्र काढलेलं असावं. नसेल तर आधी त्यासाठी अर्ज करा. त्याची झेरॉक्स पाकिटात ठेवायची. गळ्यात पाटी अडकवायची नाही. चौतीस वर्षांच्या माणसाच्या छातीवर त्याचं नाव, पत्ता आणि अपंगत्व लटकवलं, की रस्त्यावरचा कुणीही त्याला लहान मूल समजून बोलतो, आणि लबाड माणसालाही आयती माहिती मिळते.

सगळ्यात आधी कुठे जायचं ते विचारायचं. हे वगळून पुढे गेलेले अनेक प्रयत्न मी फसलेले पाहिले आहेत. काकूंचं, म्हणजे दादांच्या आईचं म्हणणं होतं की कार्यशाळेपर्यंत जायला शिकवा, म्हणजे माझी रोजची स्कूटरची फेरी वाचेल. त्यांची दमणूक खरी होती. पण दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मामाकडे." मामांचं मंडईजवळ दुकान आहे, तिथे गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून दादा पिशव्यांना गाठी मारून देतात आणि चार वाजता चहा येतो. आम्ही मामा निवडले. जिथे माणसाची कुणीतरी वाट पाहत असतं, तिथपर्यंतच्या रस्त्यातले कंटाळवाणे भागही तो लक्षात ठेवतो. कार्यशाळेचा रस्ता नंतर तीन आठवड्यांत झाला.

विचारताना 'बाळा' म्हणू नका, 'सोनू' नको, 'आमचा राजा' नको. त्या माणसाच्या वयाच्या इतर कुणाला जसं बोलाल तसं बोला. मी त्यांना दादा म्हणते, अहो-जाहो करते. ते मला ताई म्हणतात. महिन्याभराने बसथांब्यावरची माणसंही त्यांना दादा म्हणू लागली.

मग तो रस्ता तुम्ही एकटीने, ज्या वेळी दादा जाणार त्याच वेळी, निदान तीनदा जा. प्रत्येक कृती वहीत एका ओळीत लिहा. 'बस पकडणे' ही एक ओळ नव्हे. आमच्या वहीत ती अशी उतरली: थांब्याच्या खांबाशी उभं राहणं, येणाऱ्या बसचा नंबर पुठ्ठ्यावरच्या नंबराशी ताडणं, नंबर जुळला तर हात करणं, बस पूर्ण थांबेपर्यंत जागेवर राहणं, उतरणाऱ्यांना वाट देणं, दांडा धरून चढणं, पाकिटाची चेन उघडून दहाची नोट काढणं, कंडक्टरला "एक मंडई" म्हणणं, तिकीट वरच्या खिशात ठेवणं, चेन लावणं. जातानाच्या एकूण एकेचाळीस ओळी झाल्या. बसच्या पाटीवर आकडे कधी मराठी तर कधी इंग्रजी उमटतात, हे लिहायला बसल्यावरच माझ्या ध्यानात आलं. म्हणून पुठ्ठ्याच्या एका बाजूला मराठी आकडे लिहिले, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

खुणा निवडताना न हलणाऱ्या निवडा. भेळेची गाडी, फ्लेक्स, उभी रिक्षा बाद. नळ स्टॉपचा दुमजली पूल चालतो, लकडी पूल चालतो. उतरायची खूण थांब्यावरची घेऊ नका, त्याच्या दोन थांबे आधीची घ्या, म्हणजे उठून दाराशी यायला वेळ मिळतो. आणि परतीचा रस्ता वेगळा लिहा. लक्ष्मी रस्ता एकेरी आहे. दादांची परतीची बस त्यावरून येते, जाताना ती त्या रस्त्याने जातच नाही. आपल्या डोक्यात नकाशा असतो, म्हणून 'तसंच उलटं यायचं' हे आपल्याला सोपं वाटतं. दादांसाठी तो दुसरा प्रवास होता, परतीच्या सदतीस ओळींचा.

आता एकदा दादांबरोबर जा आणि काहीही शिकवू नका. फक्त बघा आणि वहीत खूण करा: स्वतः केलं, सुचवल्यावर केलं, जमलं नाही. माझा अंदाज होता की तिकीट काढणं अवघड जाईल. ते त्यांना पाठ होतं. आयुष्यभर काकूंच्या शेजारी बसून ऐकलेलं. अडलं ते हात करण्यापाशी. अनोळखी लोकांसमोर हात वर करायची त्यांना लाज वाटत होती. त्यासाठी आम्ही चार संध्याकाळी नुसते थांब्यावर उभे राहिलो, हात करायची तालीम करत.

शिकवताना सूचनांची एक शिडी असते आणि ती खालून चढायची असते. आधी थांबा, मनात दहा आकडे मोजा. काहीच झालं नाही तर ज्या दिशेला बघायचं तिकडे तुम्ही बघा. मग बोट दाखवा. मग एक शब्द बोला. हात धरणं अगदी शेवटी. या दहा आकड्यांत आपली खरी परीक्षा असते, कारण जीभ वळवळते. पण दर वेळी तुम्ही आधी बोललात तर तो माणूस बसकडे बघायला शिकत नाही, तुमच्या तोंडाकडे बघायला शिकतो. 'शाब्बास' पुन्हा पुन्हा म्हणू नका, काय नीट झालं तेवढं सांगा: "तिकीट वरच्या खिशात ठेवलंत."

रस्ता ओलांडण्याला ही शिडी लागू नाही. तिथे चुकून शिकायला वावच नाही, म्हणून तो धडा वेगळा घ्यायचा, आधी शांत गल्लीत, मग सकाळी लवकर, मग गर्दीच्या वेळी. आम्ही एकच जागा पक्की केली, सिग्नलची, आणि नियम ठरवला की हिरवा माणूस दिसला तरी वळणाऱ्या गाडीकडे बघायचं आणि शेजारी कुणी ओलांडत असेल तर त्याच्याबरोबर निघायचं. पन्नास पावलं जास्त चालावी लागतात. चाला. दादा ओलांडायला लागल्यावरही मी सलग वीस वेळा बिनचूक झाल्याशिवाय हाताच्या अंतरावरून हलले नाही.

बाकीच्या रस्त्यावर सोबत शेवटाकडून कमी करायची. पहिल्या आठवड्यात मंडईच्या थांब्यापासून दुकानापर्यंतची नव्वद पावलं दादा एकटे गेले, मी थांब्यावर उभी. दुसऱ्या आठवड्यात उतरण्याचं त्यांनी पाहिलं. यात एक फायदा आहे: रोज शेवट त्यांच्या हातून पूर्ण होतो आणि समोर मामा उभे असतात. बसमध्ये मी आधी शेजारी बसले, मग मागच्या बाकावर, मग पाच बाकं सोडून. त्यानंतर मी दुचाकीवरून बसच्या मागे. मग मी आधीच दुकानात. आणि मग मी माझ्या घरी. सलग पाच फेऱ्या एकाही सूचनेशिवाय झाल्या की एक पायरी मागे सरकायचं. चूक झाली तर एकच पायरी पुढे यायचं, पहिल्यापासून सुरू करायचं नाही.

लपून पाठलाग करू नका. बरेच जण करतात, मला तो मान्य नाही. "आज मी गाडीवरून मागे आहे" असं मी सांगून जात असे. एखाद्याला वाटावं की आपण एकटे आहोत आणि नंतर कळावं की नव्हतो, तर पुढच्या वेळी खरंच एकटं असताना तो मागे वळून वळून बघत राहतो.

माझी एक चूक सांगते. तिसऱ्या आठवड्यात मी कंडक्टरला दादांसमोरच म्हणाले, "यांना जरा मंडईला उतरवून द्या, यांना कळत नाही." दादा उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले आणि दुकानात जाऊन चहाला नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. ते म्हणाले, "मला कळतं ताई." ओळख करून द्यायची असेल तर नाव सांगा, किंवा त्यांनाच सांगू द्या. बोलता येत नसेल तर 'एक मंडई' लिहिलेला पुठ्ठा दाखवायला शिकवा, तेवढं पुरतं.

सहाव्या-सातव्या आठवड्यात घोटाळे मुद्दाम घडवायचे. एक थांबा आधी उतरा. चुकीच्या नंबरची बस येऊ द्या आणि दादा काय करतात ते बघा. पाकिटात नोटच ठेवू नका. पुण्यात गणपतीत आणि पालखीच्या दिवसांत रस्ते बंद होतात, बस भलतीकडून वळते, त्यामुळे हा धडा नुसता सरावापुरता राहत नाही. अशा वेळी करायच्या गोष्टी तीनच ठेवा: उतरून रस्त्याच्या कडेला एका जागी थांबायचं, काकूंच्या फोटोवर बोट दाबायचं, फोन लागला नाही तर कंडक्टर, दुकानदार किंवा पोलीस यांच्यापैकी कुणाला तरी म्हणायचं, "मी चुकलोय, या नंबरवर फोन लावून द्या." फोन दुसऱ्याच्या हातात न देता आपल्या हातात धरूनच बोलायचं, हेही शिकवा. ११२ नंबर चौथ्या पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत.

एवढं होईपर्यंत घरच्यांची तयारी राहून जाते, आणि खरं तर ती पहिल्या दिवसापासून सुरू असायला हवी. काकूंनी चौतीस वर्षं ज्याचा हात धरला त्याला एकटं सोडायचं होतं. त्यांची भीती खोटी नव्हती. पुण्याची रहदारी त्यांनी पाहिलेली आहे. रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकाने १९७२ साली लिहिलं होतं की धोका पत्करू देण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते. काकूंना मी हे नाव सांगितलं नाही. वही दाखवली. त्यांनी एकेचाळीस ओळींवरच्या खुणा मोजल्या. मग आम्ही ठरवलं: पहिले दहा दिवस पोचल्यावर फोन, पुढचे दहा दिवस नुसता मिस्ड कॉल, त्यानंतर काही नाही. त्या वेळेत काकूंनी घड्याळासमोर बसायचं नाही, शेजारच्या काकूंबरोबर फिरायला जायचं.

नातेवाईक आडवे आले तर कायदा माहीत असावा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. अठरा पूर्ण झालेला माणूस प्रौढ आहे, आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलं म्हणून तो आपोआप कुणाच्या ताब्यात जात नाही. सवलतींची चौकशीही याच वेळी करून ठेवा. एसटीच्या साध्या बसच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेची सवलत मात्र बौद्धिक दिव्यांगत्वात सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांसाठी ठेवली आहे. म्हणजे एकट्याने जायला शिकलेला माणूस तिला मुकतो. हे मला फार लागतं, आणि बदलायला हवं.

नवव्या आठवड्यात एका गुरुवारी दादा दोन्ही वेळा एकटे गेले आणि आले. त्यानंतर वही त्यांच्या कपाटात ठेवायची. महिन्याने एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा, आधी सांगून, एक फेरी बरोबर करायची आणि खुणा तपासायच्या. थांबा हलला असेल किंवा बसचा नंबर बदलला असेल तर तेवढ्याच ओळी खोडून नव्या लिहायच्या आणि तेवढ्याच पुन्हा शिकवायच्या. आमच्या तिसऱ्या महिन्याच्या फेरीला दादांनी परतताना एक थांबा आधी उतरून मला थांबवलं. तिथल्या दुकानातून काकूंसाठी चक्का घ्यायचा होता. ही ओळ वहीत नव्हती. ती त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली.