आपल्या शाळेचा सर्व्हर आणि त्याचा कारभारी



दसरा-दिवाळी आटोपली की लिंबागणेश व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील कित्येक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, हे येथील वाचकांस मी नव्याने सांगावयास नको. मुले मागे आजीपाशी किंवा वसतिगृहात राहतात. त्या पाच-सहा महिन्यांत मुलाची हजेरी, चाचणीचे गुण, परीक्षेचे वेळापत्रक हे सारे बापास कळावयाचे ते खिशातल्या मोबाईलवर, शाळेच्या संकेतस्थळावरून. तेव्हा हे संकेतस्थळ शाळेचा अलंकार नव्हे. ते घरी जाणारे पत्र आहे.

आजवर हे पत्र आपण सामाईक यंत्रावर ठेवीत होतो. एका संगणकावर शेकडो संकेतस्थळे, आणि त्या संगणकाची देखभाल करणारा मालक निराळा. धर्मशाळेत उतरण्यासारखेच ते होते: झाडलोट दुसरा करी, पण कोठडीही आपली नव्हे. यंदा केवळ आपल्यासाठी राखलेले एक यंत्र भाड्याने घेतले आहे. ते शाळेत नाही, मुंबईत आहे. कारण येथील विजेच्या भरवशावर रात्रंदिवस चालणारे यंत्र ठेवणे शहाणपणाचे नव्हते. यंत्र घेण्यापूर्वी पहिलाच प्रश्न आला तो हा, की यावर ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घालावी? संगणकवर्गातील मुलांनी तो मला विचारला व त्याच्या उत्तरात आमचे दोन आठवडे गेले. त्या विचाराचा हा वृत्तान्त.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. स्मरणशक्तीचा कोणता भाग कोणत्या कामास द्यावा, तबकडीवरील कोणती वही कोणास उघडू द्यावी, बाहेरून आलेल्या हाकेस ओ द्यावी की दार लावून घ्यावे, हे सारे तो ठरवितो. वेब सर्व्हर नावाचा कार्यक्रम (अपाची १९९५ चा, एन्जिनएक्स २००४ चा) हा या कारभाऱ्याच्या हाताखाली काम करणारा कारकून होय. मागणी आली की हवे ते पान काढून देणे एवढेच त्याचे काम.

या कारभाऱ्यांची कुळे मुख्यतः दोन. एक युनिक्सचे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन व डेनिस रिची यांनी ते सुरू केले. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर चालविला, त्या नेक्स्ट संगणकाची व्यवस्थाही याच कुळातली होती. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे मोकळा ठेवला. गाभ्यास लागणारी पुष्कळशी अवजारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. निरनिराळ्या मंडळ्यांनी गाभा व अवजारे एकत्र बांधून जे संच केले, ते डेबियन, रेड हॅट, उबुंटू इत्यादी. फ्रीबीएसडी हे त्याच कुळातील निराळे घराणे. नेटफ्लिक्सची चित्रपट पाठविणारी यंत्रे त्याच्यावर चालतात. दुसरे कूळ मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचे. त्याची सर्व्हरला योग्य अशी शाखा १९९३ साली विंडोज एनटी या नावाने निघाली.

“सर, शाळेत सगळीकडे विंडोज आहे, मग तेच घालू या,” असे एका विद्यार्थ्याने सुचविले. सूचना सरळ होती. परंतु मेजावरील संगणक व सर्व्हर यांच्या कामात मोठे अंतर आहे. सर्व्हरपुढे कोणी बसत नाही. मुंबईतील ते यंत्र आम्ही कधी पाहिलेलेही नाही. येथून कळफलकावर आज्ञा लिहावयाच्या व त्याचे उत्तर वाचावयाचे. ज्या चित्रमय पडद्यामुळे विंडोज सोपे वाटते, तो तेथे असून नसल्यासारखाच.

मग खर्चाचा विचार आला. बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी बसून हिशेब करतो, हा लूककृत शुभवर्तमानातील दाखला मुलांस पाठ होता. तो त्या दिवशी उपयोगी पडला. विंडोज सर्व्हरचा परवाना यंत्रातील प्रक्रियकाच्या गाभ्यांच्या संख्येवर असतो, आणि एका यंत्रास निदान सोळा गाभ्यांचा घ्यावाच लागतो. डेबियनसारख्या संचास परवान्याचे मूल्यच नाही. तथापि फुकट मिळते म्हणून घ्यावे, हे कारण मला स्वतःस पुरेसे वाटत नाही. फुकटच्या बैलासही वैरण लागते.

खरा नियम असा, की आधी कारकून ठरवावा आणि मग कारभारी. आपल्या संकेतस्थळाचा कार्यक्रम पीएचपी भाषेत आहे व त्याची माहिती मारियाडीबी या कोठारात आहे. ही दोन्ही लिनक्सवर सुखाने नांदतात. एखाद्या संस्थेचा कार्यक्रम जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये लिहिलेला असेल, तर तिने विंडोजच घ्यावे, व त्यात कमीपणा मानू नये. विंडोजला नावे ठेवणे ही हल्ली संगणक शिकणाऱ्या मुलांत एक फॅशन झाली आहे. तिला मी उत्तेजन देणार नाही.

सुरक्षिततेविषयी एक गैरसमज आढळतो, की लिनक्सला कीड लागत नाही. जुलै २००१ मध्ये कोड रेड नावाच्या किड्याने मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरांवर धाड घातली हे खरे. पण त्या भोकाचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने जूनमध्येच प्रसिद्ध केले होते. ज्यांनी ते लावले नाही ते बुडाले. उलट एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला तो ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे लिनक्स यंत्रांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या साहित्यात. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड या लहानशा अवजारात कोणी मुद्दाम चोरदार ठेवल्याचे आढळले. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्यास दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्याने ते सोडून न देता कारण शोधले, आणि हे कारस्थान उजेडात आले. हा गृहस्थ मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत होता, ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगितली. ते चोरदार डेबियनच्या चाचणीसाठी असलेल्या आवृत्त्यांत शिरले होते. स्थिर आवृत्तीपर्यंत पोहोचले नव्हते.

ठिगळ वेळेवर न लावल्याचे फळ मी स्वतः चाखले आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे संकेतस्थळ माझ्याकडे होते. परीक्षेचे दिवस म्हणून अद्ययावत करण्याचे काम मी तीन महिने पुढे ढकलले. एका सकाळी कारखान्यावरून एका पालकाचा फोन आला: “सर, पोराचा निकाल बघाया गेलो तर पत्त्याच्या जुगाराची जाहिरात दिसतीया.” यंत्राचा दोष नव्हता, आळस माझा होता. तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून कोणती व्यवस्था घ्यावी याहून, तिची ठिगळे किती वर्षे मिळत राहतील व ती कोण देणार, हा प्रश्न मोठा. सेंटओएसची हकीकत येथे सांगितली पाहिजे. रेड हॅट या कंपनीच्या सशुल्क लिनक्सची हुबेहूब फुकट प्रत म्हणून २००४ पासून सेंटओएस निघे, व जगभर असंख्य सर्व्हर तिच्यावर चालत. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे लोक धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, की २०२१ च्या अखेरीस ती बंद होईल. आठ वर्षांचा भरवसा एका वर्षावर आला! त्या पोकळीतून २०२१ साली अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे दोन संच जन्मास आले. दोन्ही चांगले आहेत, आणि प्रत्येक आवृत्तीस दहा वर्षे आधार देण्याचे त्यांचे वचन आहे. सेंटओएसची सातवी आवृत्ती मात्र ठरल्या दिवशी, ३० जून २०२४ रोजी, संपली.

डेबियन १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केले. ते कोणा कंपनीच्या मालकीचे नसून स्वयंसेवकांचे मंडळ ते चालविते. प्रत्येक स्थिर आवृत्तीस तीन वर्षे पूर्ण आधार, व पुढे सुमारे दोन वर्षे दीर्घ आधार. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलात निघते व तिलाही पाच वर्षे मिळतात. दहा वर्षांचा मोह आम्हांस पडला होता. पण दहा वर्षांनी एकदम घर बदलण्यापेक्षा चार-पाच वर्षांनी बदलणे शाळेस सोपे, कारण तेव्हा ते शिकलेला कोणीतरी जवळ असेल. आम्ही डेबियनची तेरावी आवृत्ती घेतली.

शिकण्याचे साधन आहे काय, हाही विचार केला. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठीतूनही आहेत. ते ऐकत मुलांनी संगणकवर्गातील एका जुन्या यंत्रावर महिनाभर हात साफ केला. लिनक्स ही गरिबाची तडजोड अशी शंका काही पालकांनी घेतली. त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की जगातील पाचशे बलाढ्य संगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर आहेत. पुण्याच्या सी-डॅकचे परम सिद्धी हे यंत्र नोव्हेंबर २०२० मध्ये त्या यादीत ६३ वे होते.

नव्या घरात पहिल्या आठवड्यात दोन फजित्या झाल्या. विंडोजला नावातील इंग्रजी मोठे व लहान अक्षर एकच. लिनक्सला ती निराळी. मुलांनी वेळापत्रकाचे नाव मोठ्या अक्षराने लिहिले, दुव्यात लहानाने, आणि पान सापडेना. दुसरी, गुणपत्रके मराठीऐवजी रिकाम्या चौकोनांची निघाली. पडदा नसलेल्या यंत्रावर देवनागरी टंक घालण्याची आठवण कोणास राहिली नव्हती. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित देवनागरी टंक बसविला, तेव्हा नावे उमटली.

आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन विद्यार्थी व मी ठिगळे तपासतो. रोज रात्री साऱ्या माहितीची एक प्रत शाळेतील तबकडीवर उतरते, आणि महिन्यातून एकदा ती प्रत जुन्या यंत्रावर पुन्हा उभी करून पाहतो. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीचा पूर्ण आधार ऑगस्ट २०२८ मध्ये व दीर्घ आधार जून २०३० मध्ये संपेल. या दोन्ही तारखा संगणकवर्गाच्या कपाटावर खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेविल्या आहेत. ते काम करावयाचे विद्यार्थी आज प्राथमिक वर्गांत आहेत.