डॉक्टरांना पारव्याचं सांग

कोल्हापूर,
रविवार रात्र

चि. मृणाल हिस,


काल रात्री अक्काचा फोन आला. पोरीचा खोकला तीन आठवडे झाले तरी हटत नाही, दोन जिने चढली की धाप लागते, म्हणाली. मग आवाज खाली आणून पुढचं सांगितलं. तो पारवा आता गॅलरीत नसतो, तुझ्या खोलीत कपाटावर झोपतो. डॉक्टरांना तू त्यातलं अक्षर सांगितलेलं नाहीस आणि आईलाही सांगू देत नाहीस. मला रात्रभर झोप लागली नाही. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलो.

आधी रागावतो, ते ऐकून घे. एवढी शिकलेली तू, डॉक्टर पाखरू सोडायला लावतील या भीतीनं गप्प बसतेस? मग ते बिचारे अंधारात चाचपडणार. आधी सर्दीचं औषध, मग दम्याचा पंप, मग आणखी काही. खोकला तुझ्या उशाशी बसलेला आणि औषध भलत्याच गोष्टीवर चाललेलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. आपल्या घरातल्या मुलीनं?

दादाकाकांना तू पाहिलं नाहीस, पण सोप्यातला फोटो तुला पाठ आहे. खांद्यावर कबुतराची पांढरी मादी घेऊन उभे आहेत तो. मागच्या गच्चीवर त्यांची ढाबळ होती, साठ-सत्तर पाखरं. पहाटे दार उघडलं की फडफडाटासरशी पांढरी भुकटी उठायची आणि उन्हाच्या तिरपीत तरंगत राहायची. मला ते फार सुंदर वाटायचं. खराट्यानं ढाबळ झाडायचं काम काकांचं आणि माझं. नाका-तोंडाला फडका बांधायचं आमच्या डोक्यातही आलं नाही.

काकांना कोरडा खोकला लागला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. टीबीच्या गोळ्या झाल्या, गुण आला नाही. सायकलवर डबलसीट बसवून मी त्यांना एका नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, “घरी कोंबड्या, पाखरं काही आहेत का?” काकांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी म्हणालो, “नाही.”

ढाबळ आणखी सहा वर्षं राहिली. खरं कारण कळलं तोवर फुफ्फुसं वाळलेल्या दोडक्यासारखी झाली होती. शेवटची दोन वर्षं काका सोप्यातून परड्यात जायचे तरी मधे खांबाला धरून थांबायचे. माझं ते ‘नाही’ मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, अक्कालाही नाही. तुला सांगतोय, कारण आता तू तेच ‘नाही’ म्हणते आहेस.

काकांचा हा रोग पाखरू चावल्यानं किंवा चोच लागल्यानं होत नाही. पाखराच्या पिसांतून गळणारी भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत जाते. सगळ्यांना ती बाधत नाही. पण ज्याला बाधते त्याच्या फुफ्फुसांना आतून सूज येते, आणि धूळ चालूच राहिली तर वण पडत जातात. पडलेले वण जात नाहीत. वेळेवर ओळखून धुळीशी संबंध तोडला तर बहुतेकदा माणूस सावरतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसेलच असं नाही, म्हणून तर तोंडानं सांगायचं. कधी पारवा काचेवर आपटला तर बघ, पंखांचा अख्खा पांढरा ठसा उमटतो. तीच भुकटी तुझ्या उशीवर आहे.

२०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली तेव्हा तू माझ्याशी भांडली होतीस, मुकी पाखरं उपाशी मरतील म्हणून. तुझी कळकळ मला तेव्हाही पटली होती. पण त्या वादात कोर्टातला मुद्दा याच खोकल्याचा होता, बाळा.

आता राग संपला.

तू पाठवलेला तो व्हिडिओ मी तीनदा बघितला. पिल्लाच्या डोक्यावर अजून पिवळी लव होती. बोटांना माणसाचे केस आणि दोरा असा करकचून आवळलेला, की एक बोट काळंठिक्कर पडलेलं. तू पाय कोमट पाण्यात धरलास, दिव्याखाली नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा तोडलास आणि सगळा वेळ त्याच्याशी बोलत होतीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ढाबळीत वाढूनही मला इतक्या हलक्या हातानं ते जमलं नसतं. ही माया सोड असं मी तुला कधीच म्हणणार नाही.

म्हणून एवढं कर. पारव्याला, तुझ्या बाळूला, आजच गॅलरीत हलव, वारा खेळता राहील अशा जागी. खोलीचं दार लावून घे. पिंजरा अक्काला साफ करू दे, एन-९५ मास्क लावून, त्यातला कागद आधी ओला करून. झाडू अजिबात नको. ज्वारी, मूग, मटकी, मका यांवर तो मजेत राहील, पोळी-दूध नको. पाणी खोलगट वाटीत ठेव, पारवा चोच बुडवून ओढून पितो. चोचीत ओतू नकोस, श्वासनळीत जातं.

तो रस्त्याचं पाखरू आहे, नीट उडू लागला की त्याला त्याचा थवा दिसायला हवा. तोवर त्याला माझ्याकडे राहू दे. काकांची ढाबळ मोडल्यापासून मी पाखराला हात लावलेला नाही. आज दुपारी गच्चीवर जाऊन बघून आलो. जुन्या फळ्या अजून धड आहेत. सुताराला सांगून चारी बाजूंनी जाळी लावतो. पुढच्या शनिवारी मी स्वतः मुंबईला येऊन खोक्यात घालून घेऊन जाईन. नाव बाळूच ठेवीन, आणि रोज सकाळी तुला त्याचा फोटो पाठवीन.

उद्या डॉक्टरांकडे जा. एकटीला सांगणं अवघड वाटलं तर आत बसल्यावर मला फोन लाव, मी सांगतो. पण तू सांगितलंस तर मला जास्त बरं वाटेल. बसल्याबरोबर पहिलं वाक्य हेच बोल, बाळा: “डॉक्टर, माझ्या खोलीत पारवा आहे.”

तुझा,
मामा